पाठीला कान लावून

तार गणपतरावांनी स्वतःच्या हाताने ठोकली होती, हे मला मागाहून कळले. शाळेला सुटी लागली म्हणून मी अक्कलकोटला आईकडे गेले होते. चौथ्या दिवशी दुपारी तारवाला दारात उभा राहिला. आमच्याकडे तार येण्याचे कारण एकच असते, त्यामुळे कागद उघडण्याआधीच आईने डोळ्याला पदर लावला. तारेत तीनच शब्द होते. यमुना गेली. या. यमुताईंचे यजमान गणपतराव सोलापूर स्टेशनात तारमास्तर. परक्यांच्या घरची जन्ममरणे त्यांनी उभ्या नोकरीत त्या यंत्रावरून गावोगाव पाठवली. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा सोबती म्हणाला, "उठा, मी पाठवतो." तर गणपतराव म्हणाले, "नको. तिच्या बातमीत चूक व्हायला नको," आणि बसून राहिले. त्यांचा हात जरासुद्धा थरथरला नाही असे तो सोबती सांगतो… मला ते खरे वाटते. त्या घरात दोघांचेही हात भक्कम होते.

मी भवानी पेठेत पोचले तेव्हा सगळे उरकले होते. ओसरीवर बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी, जिचे नाव मी इथे घेणार नाही कारण ती मनाने वाईट नाही, शेजारणीला सांगत होती, "आगं, सर्दी झाल्याली असताना पोरींसंगं दंड-बैठका काढत हुती म्हनं. घाम जिरला की आंगात. बाईमानसानं करायचं का आसलं?" भोवतीच्या चार-पाच माना हलल्या. मी तिथे काही बोलले नाही, कारण ती बोलायची जागा नव्हती. पण या गोष्टीला आता सहा आठवडे झाले आणि ते वाक्य अजून पेठेतल्या नळांवर आणि ओट्यांवर फिरते आहे. म्हणून लिहायला बसले. "पोरीला सर्दी आहे, आज तिला व्यायाम द्यायचा की नाही?" या एका प्रश्नाला यमुताईंनी बारा वर्षे वाहिली. वाचणाऱ्याला हसू येईल. सुरुवातीला मलाही आले होते. पण त्या प्रश्नाचे उत्तर इतक्या काळजीने शोधणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही, आणि त्यांच्याच बाबतीत लोकांनी तो प्रश्न इतक्या सहज निकालात काढावा, हे मला सोसवत नाही.

मी मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि यमुताईंच्या समोरच्या घरात एक खोली घेऊन राहत होते. मला बारा महिने सर्दी. वर्गात शिकवताना एका हातात खडू आणि एका हातात रुमाल. एका सकाळी नळावर माझ्या सलग सहा शिंका झाल्या, तेव्हा पुढे उभ्या असलेल्या बाईने मागे वळून पाहिले. उंच, सावळी, खांदे पुरुषासारखे रुंद, नऊवारीचा काष्टा असा घट्ट मारलेला की आत्ता कुठे तरी धावत निघेल. दोन्ही हातांत भरलेल्या घागरी, आणि त्या खाली न ठेवताच ती माझ्याशी बोलत होती.

"मास्तरीणबाई, ह्ये रोजचंच हाय व्हय तुमचं?"

"नेहमीच असते मला सर्दी," मी म्हणाले.

"मग उद्यापासनं सकाळी आमच्याकडं या की. बारा नमस्कार घालू. सर्दी घामानं जाती."

मी गेले, ते भिडेखातर. सातव्या नमस्काराला मी जमिनीवर पडून राहिले आणि त्या माझ्या डोक्याशी बसून खदखदून हसल्या. त्या टेंभुर्णीजवळच्या एका खेड्यातल्या. वडील तालमीचे वस्ताद. मुलीला तालमीत पाऊल टाकायची मुभा नव्हती, म्हणून ही गोठ्याच्या खिडकीतून पाहायची आणि गोठ्यातच जोर काढायची. नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला पकडले. आता पाठीत रट्टा बसणार म्हणून ती तशीच ओणवी राहिली, तर वस्ताद थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कंबर वर ऱ्हातीया तुजी. खाली घे." एवढे बोलून ते निघून गेले. त्या दिवसापासून गोठा ही त्यांची तालीम झाली. वस्तादांचा नियम एकच, खाडा नाही. थंडी असो, पाऊस असो, सर्दी-पडसे असो, जोर चुकायचा नाही. यमुताई तो नियम माहेराहून घेऊन आल्या होत्या, आणि बोलणेही. तारमास्तरांची बायको होऊन शहरात इतकी वर्षे काढली, शाळेच्या मोठ्या मोठ्या माणसांसमोर उभ्या राहिल्या, पण 'हाय'चे 'आहे' त्यांनी कधी केले नाही.

मुलींचा वर्ग काढायची कल्पना त्यांचीच. मी फक्त आमच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे शब्द टाकला. शाळेच्या मागच्या चौकात शाळा भरण्याआधी एक तास मिळाला, तोही या अटीवर की बाहेरून काही दिसता कामा नये. यमुताईंनी गोणपाटे शिवून भिंतीवर पडदे लावले. पहिल्या दिवशी सात मुली आल्या. परकराचा काचा मारून त्या अशा अवघडून उभ्या होत्या की जणू कोणी शिक्षा केली आहे. महिन्याभरात त्यांचे आवाज गोणपाटाबाहेर ऐकू येऊ लागले, आणि मग घराघरांतून निरोप यायला लागले. आज हिला सर्दी आहे, आज तिला सर्दी आहे. आयांना सरळ नाही म्हणवत नव्हते, आणि सर्दीला नाही कोण म्हणणार? यमुताई त्या त्या घरी जाऊन उभ्या राहायच्या. "दाव बघू नाक." नाक कोरडे ठणठणीत निघायचे, आई हसायची, आणि मुलगी यमुताईंच्या बोटाला धरून चौकात हजर व्हायची. दहांतल्या नऊ वेळा असेच. त्यामुळे दहाव्या वेळीही त्यांना तसेच वाटले, यात मला नवल वाटत नाही.

सुंद्रा ही गिरणीत सूतखात्यात काम करणाऱ्या माणसाची दहा वर्षांची मुलगी. तिच्या आईने निरोप पाठवला की मुलीला खोकला आहे, आज येणार नाही. यमुताई गेल्या, मुलीला घेऊन आल्या. सुंद्रा खोकत होती, नाही असे नाही. यमुताई म्हणाल्या, "खोकला घामानं सुटतो, घाल पंचवीस." सुंद्राने पंचवीस नमस्कार घातले. ती गुणी पोर होती, बाईंनी सांगितले की करायची. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला, तिसऱ्या दिवशी श्वास लागला. वीस-बावीस दिवस ती अंथरुणात होती. जगली, पण नंतर कित्येक महिने चार पायऱ्या चढली तरी धापा टाकायची. ती उठून बसू लागल्यावर तिची आई एका सकाळी चौकात आली. ती ओरडली नाही की शिव्या दिल्या नाहीत. गोणपाट बाजूला करून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तिला बरं न्हाय म्हनून मी निरोप धाडला हुता की. तुमी खोटा धरला."

यमुताई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय. चुकलं माजं."

वर्ग अर्थातच बंद झाला. यमुताईंनी रोज सुंद्राच्या घरी जाऊन तिचे अंग पुसणे, पेज भरवणे सुरू केले. तिची आई आधी दार उघडत नव्हती, मग उघडू लागली. पण मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. समोरच्या घरातून पहाटे येणारा त्यांच्या श्वासांचा आवाज थांबला होता. आठ दिवस त्यांनी एक नमस्कार घातला नाही. लहानपणापासूनचा तो पहिला खाडा. नवव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सुशे, माज्या बापाला सर्दी कळत न्हाय, मलाबी कळत न्हाय. ज्याला कळती त्याच्याकडं जाऊ चल."

पेठेच्या तोंडाशी एका वयस्क डॉक्टरांचा दवाखाना होता. माणूस तिरसट, पण हाताला गुण. यमुताई त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मला सर्दी शिकवा." डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले. "सर्दी शिकवू? बाई, मी तीस वर्षं शिकतोय." पण त्यांनी हाकलले नाही, कारण त्यांची एक अडचण होती. बायका छाती तपासायची नळी पाठीला लावू देत नसत. यमुताई रोज दुपारी दवाखान्यात जाऊन बसू लागल्या. पडद्याआड बाईच्या पाठीवर नळीचे तोंड धरायचे आणि डॉक्टरांनी बाहेरून कान लावायचा, असे सुरू झाले. पुढे पुढे डॉक्टर नळी त्यांच्याच कानात घालू लागले. चार महिन्यांनी त्या नळीशिवाय, नुसता कान पाठीला लावून सांगू लागल्या. निरोगी छाती कशी वाजते? "पिंपळाच्या पानातनं वारं गेल्यावानी." आणि बिघडलेली? "तव्यावर मीठ टाकल्यावानी तडतडती." डॉक्टर एकदा मला म्हणाले, "हिला शाळेत घातली असती ना, तर माझा दवाखाना बंद पडला असता."

नियमही त्यांनी तिथूनच आणला. नाक गळते आहे, शिंका आहेत, पण भूक लागते, अंग दुखत नाही, कणकण नाही, तर पोरीने वर्गात यावे आणि निम्मे करावे. घसा धरला असेल तर नमस्कार नको, चौकाला फेऱ्या घालाव्यात. खोकला छातीतून येत असेल, अंग मोडून येत असेल, ताप असेल, तर सरळ अंथरूण. बरे वाटल्यावरही जितके दिवस आजार, तितके दिवस नुसते चालणे. डॉक्टरांनी त्यांना विचारले होते, "आणि कळलंच नाही, शंका आली, तर काय कराल?" यमुताई म्हणाल्या, "तुमास्नी इचारीन." डॉक्टर म्हणाले, "मी काय रोज पहाटे तुमच्या चौकात येऊन बसू? शंका आली तर घरी पाठवायचं." हे त्यांनी असे मनावर घेतले की पुढे मला म्हणायच्या, "सुशे, चुकायचं तर एका दिसाचं चुकू दे. एका पोरीचं चुकाय नगं."

वर्ग पुन्हा सुरू झाला, अकरा मुली घेऊन. मुख्याध्यापिकाबाईंना राजी करायला सुंद्राची आईच आली, हे मी मुद्दाम लिहिते. त्यानंतर रोज सकाळी ओळ लागायची. "मागं फीर. श्वास घे… आनखी… आता खोक." प्रत्येक पाठीला कान. थंडीत त्यांचा तो कान लाल व्हायचा. मुलींना आधी गुदगुल्या होत, मग त्या त्या क्षणाची वाटच पाहू लागल्या. घरात दहा भावंडांत आपले कोणी एवढे लक्ष देऊन ऐकले, असे त्यांच्या वाट्याला कधी आले नव्हते. आणि यमुताईंचे काम मुलीला घरी पाठवल्यावर संपत नसे. आमच्या पेठेत घरोघरी हातमाग. मुलगी दिवसा रिकामी दिसली की तिला रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसवायचे, ही रीत. ताप असलेली मुलगीही बसल्या बसल्या कांड्या भरू शकते, असा हिशोब. यमुताई दुपारी अचानक जाऊन उभ्या राहायच्या. "मी हिला निजाय धाडली हाय, रहाट फिरवाय न्हाय." कितीतरी आयाबाप त्यांच्यावर चिडले. कितीतरी घरी त्या स्वतःच रहाटावर बसून मुलीच्या वाट्याच्या कांड्या भरून देत आणि मग उठत.

आता एका प्रदर्शनाची गोष्ट. शाळेमागे एक मोकळी जागा होती, ती मुलींच्या व्यायामाला द्यावी की नाही हे शाळेच्या कमिटीने ठरवायचे होते. त्यासाठी मुली काय शिकल्या ते कमिटीपुढे करून दाखवायचे ठरले. बावीस मुलींनी दोन महिने तयारी केली. लेझीम, नमस्कार आणि शेवटी मनोरा. मनोऱ्याच्या टोकावर चढायची ती राजम्मा, बारा वर्षांची, पाखरासारखी हलकी, आणि लेझमीतही पुढे तीच. तिचे वडील मल्लय्याशेठ मोठ्या हातमाग कारखान्याचे मालक आणि कमिटीतले वजनदार सभासद. घरात तेलुगू बोलणारे, पण पेठेत मराठीत भांडणारे. मुलीला पहिल्यांदा वर्गात पाठवायला तेच तयार नव्हते. एकदा सर्दीचा निरोप पाठवला, तर यमुताईंनी मुलीच्या पाठीला कान लावून "नुस्तं नाक हाय शेठ, येऊ द्या," असे सांगून तिला नेले होते. आता मात्र ते चार ठिकाणी सांगत फिरत होते की टोकावर चढणार ती आमची पोरगी.

पौषातली सकाळ होती. पडदे काढले होते, खुर्च्या मांडल्या होत्या. बायकाही आल्या होत्या, पन्नासेक तरी. आत वर्गात ओळ लागली. राजम्माच्या तोंडात ज्येष्ठमध होता. यमुताईंना वास आला. "किती दिस चघळतीयास?" राजम्माने तो गालात सरकवला. त्यांनी कान लावला. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे खाली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "राजू, तू खुर्चीवर बसनार. शाल घे." पोरीने त्यांचे पाय धरले. वडिलांना ती नाना म्हणे. नाना येऊन बसलेत, म्हणाली, एवढा एकच दिवस… यमुताईंनी तिला उठवले, आपल्याच अंगावरची शाल तिला गुंडाळली, आणि बाहेर गेल्या.

मल्लय्याशेठ उठून उभे राहिले. "बाई, काय झालं? मामुली सर्दी हाय की ती. मी सकाळीच बघितलो."

"सर्दी छातीत उतरलीया शेठ. ती आज न्हाय करनार."

"तुमीच आमच्या दारात येऊन सांगितला ना, सर्दी म्हणजे काय आजार नव्हे म्हणून? आमची पोरगी शिंकत असताना नेला तुमी! आता सगळी मंडळी बसल्यावर हे?"

सगळ्यांना ऐकू गेले. कोणी तरी मागून हसले. कमिटीचे अध्यक्ष घड्याळ पाहू लागले. मला वाटले, त्या काही तरी तोड काढतील, नुसती लेझीम खेळू दे म्हणतील. जागा मिळणे न मिळणे बरेचसे त्या माणसाच्या शब्दावर होते, आणि त्यासाठी आम्ही दोन वर्षे अर्ज करत होतो. यमुताई खाली पायरीवर आल्या, शेठांच्या समोर, आणि नेहमीच्याच आवाजात बोलल्या.

"तवा नाकात हुती, म्हनून नेली. आता छातीत हाय, म्हनून ठेवली. शेठ, माज्या हातनं एक पोर मरता मरता वाचलीया. ती कुनाची ते हितल्या बायकांना ठावं हाय. दुसरी मी करनार न्हाय. जागा नगा दिऊ. पोरीला घरी न्या, अळशीचं पोटीस लावा आन् डॉक्टरास्नी बोलवा. आत्ता."

मी त्यांना इतकी वर्षे पाहिले, पण त्या पायरीवर उभ्या असलेल्या यमुताई मला सगळ्यात जास्त आठवतात. स्वतःची चूक पन्नास बायका आणि कमिटीसमोर त्यांनी अशी काढून ठेवली, जणू ती त्यांच्या शिक्षणाचा दाखला होती. आणि होतीच ती.

प्रदर्शन मनोऱ्याशिवाय झाले. अध्यक्षांनी दोन शब्द बोलून आटोपते घेतले. संध्याकाळी राजम्माला ताप भरला, डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. नऊ दिवस तिचे काही खरे नव्हते. यमुताई त्या घरी रोज जात होत्या, पोटीस बदलत होत्या, आणि मल्लय्याशेठ दाराशी उभे राहून त्यांच्याकडे नुसते पाहत होते. दहाव्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर बाहेर येऊन शेठांना म्हणाले, "त्या सकाळी ती त्या मनोऱ्यावर चढली असती ना, तर आज आपण इथे बोलत उभे नसतो." शाळेची जागा आम्हाला मिळाली नाही. कमिटीत बहुमत विरुद्ध गेले, शेठांनी बाजूने बोलूनही गेले. पण त्याच आठवड्यात शेठ यमुताईंच्या दारात आले. ओसरीवर न बसता उभ्या उभ्याच म्हणाले, "आमच्या कारखान्यामागचा आवार हाय. आमी ताणा लावतो तिथं, पण ते उन्हं वर आल्यावर. सकाळी एक तास तुमचा. कायमचा." ताणा म्हणजे मागावर चढवण्याआधी उभे सूत लांबच लांब ओढून लावतात तो. बाराही महिने त्या आवारात आधी मुली ओळीत उभ्या राहतात आणि मग त्याच जागी सूत उभे राहते. आज तिथे साठावर मुली येतात. गोणपाट कधीच गेले.

एकदा यमुताईंचे वडील लेकीकडे राहायला आले. सत्तरीचे वस्ताद, मिशा अजून पिळदार, आणि प्रवासात थंडी लागून खोकत होते. पहाटे उठून त्यांनी सवयीने जोर काढायला सतरंजी बाजूला सारली. यमुताई चहा ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, मागं फिरा." म्हाताऱ्याला कळेना. "माज्यासमूर खाडा म्हनू नगंस," ते म्हणाले. पण लेकीने पाठीला कान लावला आणि बराच वेळ उचलला नाही. मग त्यांचा हात धरून त्यांना अंथरुणावर बसवले. आता ते चिडणार असे मला वाटले. वस्ताद माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तरीणबाई, उभ्या जल्मात मला कुनी निजवलं न्हवतं," आणि मुकाट्याने आडवे झाले. पाच दिवस पडून राहिले. गावी जाताना आवारात येऊन त्यांनी वर्ग पाहिला. मुलींचे नमस्कार पाहत ते एकच वाक्य बोलले, पण असे की यमुताईंना ऐकू जावे. "कंबर खाली हाय समद्यांची."

आता शेवटचे. लोक म्हणतात ते अर्धे खरे आहे. जाण्याआधी तीनेक आठवडे यमुताईंना सर्दी झाली होती आणि त्या वर्गात येत होत्या. पण त्यांनी स्वतःला नियमातून वगळले नव्हते. आपला कान आपल्या पाठीला लावता येत नाही, म्हणून ते काम गणपतरावांचे होते. वर्षानुवर्षे ती त्या घरची रीत होती. तारयंत्राच्या कट-कट आवाजातून एकेक अक्षर वेगळे ओळखणारा कान तो. सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी ते ऐकायचे आणि "साफ आहे" म्हणायचे, मग त्या निघायच्या. त्या सर्दीतही रोज ऐकले, आणि त्यांनी रोज निम्मेच केले. सर्दी चार दिवसांत गेली. चांगले आठ दिवस गेले, आणि मग ताप सुरू झाला. मी अक्कलकोटला निघाले तेव्हा तो साधाच वाटत होता. पण तो विषमज्वर होता. त्या पंधरवड्यात आमच्याच आळीतली आणखी तीन माणसे त्याने गेली. त्या दिवसांत नळ कोरडे, म्हणून सगळे एकाच विहिरीचे पाणी पिणारे. त्या तिघांपैकी कोणी जन्मात एक नमस्कार घातला नव्हता.

मला हे माहीत होते. पण ओट्यावरचे बोलणे गणपतरावांच्या कानावर गेले होते, आणि ते मला माहीत नव्हते. तेराव्यानंतर डॉक्टर भेटायला आले. मी चहा देत होते. गणपतराव कप न उचलताच म्हणाले, "डॉक्टर, मी रोज ऐकत होतो… माझ्या ऐकण्यात काही चुकलं का?"

डॉक्टर आता खूप थकले आहेत. त्यांनी कप खाली ठेवला, उठून गणपतरावांच्या शेजारी सतरंजीवर बसले, आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "शेवटच्या दिवशी सकाळी मी तिची छाती तपासली. पिंपळाच्या पानातून वारं जावं तशी होती. तुम्ही बरोबर ऐकलं होतं." गणपतरावांनी मान हलवली. तार पाठवताना न हललेला तो माणूस तिथे पहिल्यांदा रडला.

वर्ग मी चालवते आहे. मला त्यांच्यासारखे जमत नाही. अजूनही माझा कान पुष्कळदा गोंधळतो, आणि शंका आली की मी घरी पाठवते. गेल्या सोमवारी एक मुलगी आली नव्हती. नवीनच नाव, महिनाही झाला नसेल, घर मी पाहिले नव्हते. निरोप आला, सर्दी आहे. वर्ग सुटल्यावर मी विचारत विचारत गेले. अरुंद बोळातली एक खोली, अर्ध्या खोलीत माग. मुलगी कोपऱ्यात गोधडीत झोपली होती. तिची आई रहाटावर कांड्या भरत होती. मी कोण हे सांगायच्या आत ती उठून म्हणाली, "बाई, आज न्हाय धाडली. नाक असतं तर धाडली असती. पर डावीकडं खाली तडतडतंय. सकाळी मीच कान लावला."

मी विचारले, तुम्हाला हे कोणी शिकवले?

"हितं समद्याच लावत्यात की," ती म्हणाली, आणि पुन्हा रहाटावर बसली.

ती यमुताईंना कधी भेटली नव्हती. मी मुलीजवळ बसले, तिला कुशीवर वळवले आणि कान लावला. आईने बरोबर ऐकले होते.